‘किलर बी’ खरंच जास्त विषारी असते का?

नाही. तिच्या एका डंखातलं विष साध्या युरोपीय मधमाशीपेक्षा जास्त नसतं. मग लोक मरतात कशाने? डंखांच्या संख्येने.

१९५६ मध्ये शास्त्रज्ञ वॉर्विक केर यांनी आफ्रिकेतून राणीमाश्या ब्राझीलमध्ये आणल्या. उष्ण हवामानात जास्त मध देणारी माशी त्यांना हवी होती. पण १९५७ मध्ये २६ राणीमाश्या आपापल्या थव्यांसह निसटल्या. तिथल्या युरोपीय माश्यांशी त्यांचा संकर झाला. ही संकरित माशी पसरत पसरत १९९० मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासला पोहोचली.

पोळ्याला धक्का लागला की एक माशी डंख मारते. त्या डंखासोबत सुटणारा वास बाकीच्यांना बोलावतो. युरोपीय माश्या थोड्याच येतात, या मात्र शेकडोंनी येतात आणि लांबपर्यंत पाठलाग करतात.

ब्राझीलचे मधुपालक आज याच माश्या पाळून मध काढतात. फक्त पेट्या वस्तीपासून दूर ठेवतात.

हल्ला झालाच तर? हात झटकू नका. तोंड झाकून पळा, घरात किंवा गाडीत शिरा. पाण्यात उडी नको, माश्या वर थांबून राहतात. आपल्याकडची आग्या माशी वेगळ्या जातीची आहे, पण तिच्यापासून वाचायलाही हेच लक्षात ठेवा.