वर काळे, टोकाला तांबूस : केसांचा रंग घरच्या घरी

मुळाशी गडद आणि टोकाकडे फिके होत जाणारे केस रंगविण्याच्या पद्धतीला ‘ओम्ब्रे’ म्हणतात. पार्लरमध्ये त्यासाठी टोके ब्लीच करतात. त्याने केस ठिसूळ होतात. घरी तो खटाटोप नको. केस पिकले असतील तर मेंदी व नीळ या दोन वनस्पतींनीही हे साधते. काळ्या केसांवर मात्र नुसती तांबूस झाक येते. कारण पाल्याचा रंग चढतो, मूळ काळा रंग उतरत नाही.

कृती : मेंदीची शुद्ध पूड पाणी व थोड्या लिंबाच्या रसात कालवून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी सर्व केसांना लावा, २-३ तासांनी धुवा. मग निळीच्या पाल्याची पूड (कपड्यांची नीळ नव्हे!) कोमट पाण्यात कालवा. १५ मिनिटांनी केसांच्या वरच्या भागालाच लावा, टोके सोडा. तासाभराने धुवा. प्रथम हिरवट दिसेल. हवा लागून दोन दिवसांत रंग गडद होतो. तोवर शाम्पू नको.

सावधान : शुद्ध मेंदी काळी रंगत नाही. ‘काळी मेंदी’ म्हणून विकतात त्यात बहुधा पीपीडी हे रसायन असते. कोणताही रंग आधी कोपराच्या आत थोडा लावून ४८ तास पाहा. खाज-सूज आली तर वापरू नका. पीपीडीचा रंग पोटात गेल्यास गळा सुजून श्वास कोंडतो, मूत्रपिंडे निकामी होतात. घरगुती उपायांत वेळ न घालवता पाकिटासह रुग्णालय गाठा. आणि असली पाकिटे मुलांच्या हाती लागतील अशी कधीच ठेवू नका.