लोखंडाच्या शेजारी लोहाची वानवा

सोलापूरहून पुण्याच्या वाटेला लागले, की मोहोळ तालुक्यात चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. यंत्रांचे गाव ते! पोटासाठी गाव सोडलेल्या मजुरांची तान्ही मुले अशाच वसाहतींच्या कडेला वाढतात. भोवती एवढे लोखंड. आणि बाळाच्या रक्तात मात्र चिमूटभर लोहाची वानवा!

१९४७ साली सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी कल्याणच्या लष्करी छावणीत संसार मांडले. पुढे त्याचेच उल्हासनगर झाले. आजच्या मजुराला कोणी निर्वासित म्हणत नाही. पण गाव सुटले, की परसातला शेवगा सुटतो, आजीचा हात सुटतो, अंगणवाडीची ओळखही सुटते.

बाळ जन्मताना आईकडून लोहाची शिदोरी घेऊन येते. ती साधारण सहा महिने पुरते. आईच रक्तक्षयी असेल किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, तर लवकर सरते. आईच्या दुधाला तोड नाही. पण त्यात लोह थोडेच. म्हणून सहा महिन्यांनंतर दुधाच्या जोडीला वरचे अन्न हवेच. तिथे पुष्कळदा हाती येते ते चहात बुडवलेले बिस्किट! चहा तर अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. वर्षाच्या आत गाईच्या दुधावर भिस्त ठेवणेही बरे नव्हे; त्यात लोह नगण्य असते.

हे दुखणे झोपडीपुरते आहे, असे मात्र समजू नका. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. सगळाच रक्तक्षय लोहाअभावी होत नाही. पण ते एक मोठे कारण खरे. पहिल्या दोन वर्षांत मेंदू झपाट्याने घडतो. तेव्हाची उणीव पुढे पुरती भरून निघेलच, असे नाही.

उपाय साधा आहे. डाळीत कुस्करलेली भाकरी, मऊ शिजवलेली पालेभाजी, वर लिंबाचे चार थेंब. खाणाऱ्यांच्या घरी अंडे, बारीक केलेले मटण. शिवाय २०१८ च्या ‘ॲनिमियामुक्त भारत’ योजनेत या वयाच्या मुलांसाठी आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचे औषध ठरवून दिले आहे.

तेव्हा गृहिणींनो, कामाला येणाऱ्या बाईच्या कडेवर तान्हे मूल दिसले, तर बिस्किट पुढे करण्याआधी एवढे विचारा: “बाई, बाळाला लोहाचे औषध मिळते ना?”