नाशिक ते हैदराबाद: विमानाचा दीड तास आणि मुसाफिराची नमाज

नाशिकचे विमानतळ शहरात नाही, ओझरला आहे, साधारण 20 किलोमीटरवर. तिथून हैदराबाद सरळ रेषेत सुमारे 575 किलोमीटर भरते. रस्त्याने बरेच जास्त. अशा जवळच्या मार्गांवर चालणारे एटीआर विमान ताशी 500 किलोमीटरच्या आसपास उडते. म्हणजे हिशेबाने सव्वा तासाच्या आतच पोहोचायला हवे. पण तिकिटावर दीड तास किंवा जास्त दिसतो, कारण चढता-उतरताना वेग कमी असतो आणि विमान जागेवरून हलल्यापासून परत थांबेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात.

आता हैदराबादमार्गे उमराहला जाणारे विचारतात, "दीड तासाचा तर प्रवास, मग कस्र कशाला?" हनफी मसलकात कस्र घड्याळावर नाही, अंतरावर ठरते. जुन्या काळची तीन दिवसांची वाट, आजच्या हिशेबात 48 मैल, म्हणजे सुमारे 77 किलोमीटर. तेवढ्या प्रवासाची नियत करून शहराची हद्द ओलांडली की माणूस मुसाफिर झाला, मग विमान असो की बैलगाडी. म्हणून नाशिककराने ओझरच्या विमानतळावरच जोहर, असर, इशाचे फर्ज दोन रकात पढावेत. फजर आणि मगरिब तशाच राहतात. इमाम मुकीम असेल तर मात्र त्याच्यामागे चारच. हैदराबादला 15 दिवस किंवा जास्त राहायचे असेल तर तिथे नमाज पूर्ण.

ज्यांचे घरच ओझरला आहे, त्यांनी विमानतळ गावाच्या हद्दीत धरायचे की बाहेर, हे निघण्याआधी आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे.