शेरूसह दिवाडी बेटावर चार दिवस

गेल्या डिसेंबरात आम्ही सहकुटुंब गोव्याला जाऊन आलो. सहकुटुंब म्हणजे आम्ही उभयता, दोन मुलं, सत्तरी ओलांडलेली आई आणि शेरू. शेरू हा आमच्या चाळीच्या जिन्याखाली सापडलेला गावठी कुत्रा. वडील गेले त्या पावसाळ्यात तो आईच्या पायाशी येऊन बसला, तो बसलाच. तेव्हापासून आईनं मुक्कामाला जाणंच सोडलं. लग्न असो, बारसं असो, "शेरूला कोण बघणार?" हे एकच उत्तर. एकदा त्याला शेजाऱ्यांकडे ठेवून आम्ही दीक्षाभूमीला गेलो होतो. त्यानं तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. आईनं ते फोनवर ऐकलं आणि परतीची घाई लावली. म्हणून यंदा ठरवलं, आईला न्यायचं तर शेरूलाही न्यायचं.

ही बातमी वॉर्डात पसरली. एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी घरी येऊन आम्हाला ऐकवलं, "चवदार तळ्यावर कुत्र्या-मांजरांना पाणी होतं आणि आपल्याला नव्हतं. त्यासाठी बाबासाहेबांना १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. आणि तुम्ही कुत्र्यावर पैसे उधळता?" आम्ही गप्प. आईच आतून म्हणाली, "अहो भाऊ, पाणी माणसांनी अडवलं. कुत्र्यानं कधी अडवलं होतं?" भाऊंनी चहा घेतला आणि विषय बदलला.

दिवाडी हे मांडवी नदीतलं बेट, जुन्या गोव्याच्या समोर. कोकण रेल्वेचा रूळ बेटावरून जातो, पण तिथं स्थानक नाही. फेरीबोटीनं जावं लागतं. समुद्रकिनाऱ्याची गर्दी आणि तिथले दर आम्हाला झेपणारे नव्हते. इथं एका घरात दोन खोल्या मिळाल्या. कुत्रा बरोबर आहे, हे फोनवर दोनदा स्पष्ट सांगितलं. ते आधीच सांगावं. दारात पोचल्यावर सांगितलं की वाद होतात.

रेल्वेचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथंच लोक फसतात. शयनयान, तृतीय किंवा द्वितीय वातानुकूलित डब्यात कुत्रा नेता येत नाही. वातानुकूलित पहिल्या वर्गाचा दोन किंवा चार बर्थचा आख्खा कक्ष घेतला, तर तो मालकाजवळ राहू शकतो. एवढं कारकुनाच्या पगारात बसत नाही. उरते गार्डच्या डब्यातली कुत्र्याची पेटी. (गार्डला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण जिभेची सवय जात नाही.) तिचं बुकिंग पार्सल कार्यालयात होतं. गळ्यात पट्टा, साखळी आणि रेबीजच्या लसीचा दाखला हवा. खाण्यापाण्याची जबाबदारी मालकाची. बुकिंगशिवाय कुत्रा सापडला तर सहापट आकारणी होते. म्हणून पिशवीत लपवून नेण्याचे सल्ले ऐकू नका.

पेटी लोखंडी आणि अरुंद. आम्ही मुद्दाम थंडीतली रात्रीची गाडी घेतली. उन्हाळ्यात दिवसा त्या पेटीत जनावर घालणं म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणं आहे. निघण्याआधी पाच-सहा तास जड जेवण दिलं नाही, आईची जुनी साडी पेटीत अंथरली. रत्नागिरीला थोरला धावत जाऊन, गार्डसाहेबांना विचारून पाणी पाजून आला. जुन्या गोव्याला जवळचं स्थानक करमळी, पण तिथं गाडी जेमतेम थांबते. तेवढ्यात पेटी उघडून कुत्रा उतरवायचा कसा? म्हणून सरळ मडगावपर्यंत बुकिंग केलं. तिथून व्हॅन ठरवली. सीटवर आमची चादर घातल्यावरच ड्रायव्हरनं शेरूला आत घेतलं. त्याचंही बरोबरच होतं.

फेरीबोटीची लोखंडी फळी खणकन् धक्क्यावर आदळली आणि शेरूनं चारही पाय रोवले. माणसं, दुचाक्या सगळं चढलं, हा हलेना. शेवटी आई फळी ओलांडून पुढं गेली आणि तिनं मागं वळून न बघता हाक मारली. तेव्हा तो चढला. आयुष्यात पहिल्यांदा बोटीत बसलेली आमची आई खाली फतकल मारून, शेरूचं डोकं मांडीवर घेऊन पलीकडचा तीर बघत होती.

बेटावर भातखाचरं, मीठ-पाण्याला अडवणारे बांध, टेकडीवर पिएदादचं चर्च. संध्याकाळी बांधावरून फिरायला मजा येते. पण कुत्र्याला साखळीशिवाय सोडू नये आणि पाण्यात तर मुळीच उतरवू नये. जवळच्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. शेजारच्या चोडण बेटावरचं सलीम अली पक्षी अभयारण्य आम्ही पाळीपाळीनं पाहिलं. शेरूजवळ कुणीतरी थांबायचं. पक्ष्यांच्या घरात कुत्र्याचं काय काम?

दुसऱ्या दिवशी व्हायचं ते झालंच. गावातल्या चार कुत्र्यांनी शेरूला घेरलं. धाकटा मध्ये पडला आणि त्याच्या पोटरीला दात लागला. कोणाचा ते कळलं नाही. आम्ही हळद-चुना काही लावलं नाही. नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुतली आणि पुढच्याच फेरीनं पलीकडं जाऊन सरकारी दवाखान्यात लस घेतली. शेरूला लस आहे, मग कशाला, असं आमच्या मनातही आलं. डॉक्टर म्हणाले, चावणारा नक्की कोणता हे माहीत नाही ना? रेबीजची लक्षणं दिसू लागली की उपाय जवळजवळ संपतो. मग पोराच्या जिवाशी जुगार कशाला खेळायचा? उरलेले डोस आम्ही त्यांनी लिहून दिलेल्या तारखांना घेतले, शेवटचे मुंबईला आल्यावर पालिकेच्या दवाखान्यात. कुत्र्यांच्या भांडणात हात घालू नका, बादलीभर पाणी ओता, हे घरमालकिणीनं आम्हाला नंतर सांगितलं. आधी कळतं तर बरं झालं असतं.

धाकट्याचं इंजेक्शन झाल्यावर आई रडली. "माझ्या हट्टापायी पोराला दात लागला," म्हणाली. धाकट्यानंच तिची समजूत काढली. पुढचे दोन दिवस तो आणि शेरू दोघंही लंगडत, आजीच्या दोन बाजूंना बसून ओसरीवर भात-मासे खात होते.

परत आल्यावर शेरू दोन दिवस नुसता झोपून होता. आई आता विचारते, घारापुरीला कुत्रा नेता येतो का? तिथं माकडं आहेत, हे आम्ही तिला अजून सांगितलेलं नाही.