कोरियाच्या छावणीतले शंकरराव थोरात

आधी सोव्हिएत अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव्हची हकिगत पाहू. २६ सप्टेंबर १९८३च्या मध्यरात्रीनंतर मॉस्कोच्या दक्षिणेला, सेर्पुखोव्ह-१५ या केंद्रात तो पाळीवर होता. अमेरिकेने पाच क्षेपणास्त्रं सोडल्याचं उपग्रह सांगत होता. खरा हल्ला पाचांवर थांबणार नाही, असा विचार करून या लेफ्टनंट कर्नलने इशारा खोटा असल्याचं वरिष्ठांना कळवलं. त्याआधी २७ ऑक्टोबर १९६२ रोजी क्यूबाजवळच्या पाणबुडीत वासिली अर्खिपोव्हने अण्वस्त्रधारी टॉर्पेडो सोडायला नकार दिला होता. या दोघांची नावं आता जगभर घेतली जातात. त्याच पंगतीत मांडावा असा एक अधिकारी आपल्या शेजारचा आहे. सांगली जिल्ह्यातून वारणा ओलांडली की कोल्हापूरच्या हद्दीत वडगाव लागतं. तिथे १९०६ साली जन्मलेले शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, सैन्याच्या कागदांतले जनरल एस. पी. पी. थोरात. त्यांनी एकट्याने अणुयुद्ध टाळलं, असं मी म्हणणार नाही, कारण तसं सिद्ध करता येत नाही. माझा दावा इतकाच की, ज्या जागी एक चुकीचा हुकूम मोठं युद्ध पुन्हा पेटवू शकला असता, तिथे त्यांनी तो हुकूम दिला नाही. लष्करी कर्तृत्वाच्या हिशेबात ही गोष्ट आपण धरतच नाही.

ती जागा म्हणजे कोरियातली युद्धकैद्यांची छावणी. ती किती नाजूक होती, हे कळण्यासाठी १९५३चं साल नीट पाहावं लागतं. कोरियातलं युद्ध थांबवण्याच्या वाटाघाटी वर्षाहून अधिक काळ अडल्या होत्या त्या मुख्यतः युद्धकैद्यांच्या प्रश्नावर. मायदेशी परत जायचं नाही म्हणणाऱ्या कैद्यांना बळजबरीने पाठवायचं की नाही, यावर दोन्ही बाजू हटून बसल्या. दरम्यान वॉशिंग्टनमध्ये राष्ट्रीय सुरक्षा परिषदेसमोर अण्वस्त्रं वापरण्याच्या योजना आल्या होत्या. मे महिन्यात परराष्ट्रमंत्री डलेस दिल्लीत नेहरूंना भेटले आणि वाटाघाटी फसल्या तर लढाई वाढेल असं बोलले. तो अणुबॉम्बचा इशारा होता, असं अमेरिकेतून नंतर सांगितलं गेलं. आपण असा कोणताही निरोप चीनला पोचवला नाही, असं नेहरूंचं म्हणणं. जूनमध्ये दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी सुमारे २७ हजार कैदी परस्पर सोडून दिले, तेव्हा हाती आलेला करार निसटता निसटता राहिला. २७ जुलैला शस्त्रसंधी झाली. त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या बाजूने लढलेल्या सोळा देशांनी सही केलेल्या निवेदनात बजावलं होतं की संधी मोडली, तर पुढची लढाई कोरियापुरती मर्यादित ठेवणं बहुधा शक्य होणार नाही. आणि या साऱ्या भांडणाचं मूळ असलेले साडेबावीस हजारांवर कैदी सांभाळायचं काम भारताकडे आलं. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि प्रत्यक्ष पहाऱ्याच्या भारतीय फौजेचे प्रमुख मेजर जनरल थोरात. री भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू देईनात, म्हणून इंचॉनला जहाजांवरून उतरणाऱ्या जवानांना हेलिकॉप्टरने निर्लष्करी पट्ट्यात न्यावं लागलं.

या छावण्यांमध्ये कैद्यांच्या संघटना होत्या, त्यांचे पुढारी होते, आणि परत जाऊ पाहणाऱ्याला तिथे मारहाण होई. सप्टेंबरच्या अखेरीस चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला कुंपणाच्या आत पकडून ठेवलं. ओलीस धरलेला अधिकारी सोडवायला बंदुकांसह तुकडी आत घातली असती, तर थोरातांना कोणत्याही चौकशीत दोष लागला नसता. पण चिडलेल्या जमावात गोळ्या सुटल्या की मृतांची संख्या कोणाच्या हातात राहत नाही. आणि मेलेले कैदी हे संधी मोडू पाहणाऱ्यांना हवं असलेलं निमित्तच ठरलं असतं. थोरात स्वतः निःशस्त्र आत गेले, त्या गर्दीत उभे राहिले, बोलले आणि ग्रेवालना घेऊन बाहेर आले. या कामगिरीसाठी त्यांना अशोकचक्र, वर्ग दोन मिळालं. त्यालाच आज आपण कीर्तिचक्र म्हणतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की पुढच्याच आठवड्यात, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, भारतीय पहारेकऱ्यांनी गोळीबार केलाच आणि काही कैदी मेले, मग संयम कुठे राहिला? तो गोळीबार झाला, हे लपवण्याचं कारण नाही. उलट त्यावरूनच परिस्थितीची धग कळते, कारण त्यानंतर दक्षिण कोरियाच्या सरकारातून भारतीय सैन्याविरुद्ध बळ वापरण्याच्या उघड धमक्या आल्या. थोड्या मृत्यूंनी एवढं झालं. ग्रेवालांच्या वेळी त्याहून मोठं हत्याकांड झालं असतं, तर काय झालं असतं याचा अंदाज वाचकाने करावा. संयम म्हणजे बंदूक कधीच न वापरणं, असं थोरातांनी मानलेलं दिसत नाही. आधी दुसरा मार्ग पूर्ण वापरून पाहायचा, आणि त्यातला धोका शिपायाऐवजी सेनापतीने पत्करायचा, एवढाच त्याचा अर्थ त्यांच्या कृतीतून निघतो.

दुसरा आक्षेप जुना आहे: हा तर मवाळपणा. तो थोरातांच्या नोंदीपुढे टिकत नाही. जानेवारी १९४५मध्ये ब्रह्मदेशात कांगावच्या लढाईत पंजाब रेजिमेंटच्या बटालियनचं नेतृत्व करताना त्यांनी डीएसओ हा सन्मान मिळवला होता, आणि ती लढाई अगदी हातघाईची होती. पुढे पूर्व विभागाचे सेनाप्रमुख असताना, मार्च १९६०मध्ये लखनौला ‘लाल किला’ नावाचा सराव घेऊन चीन कसा हल्ला करेल आणि आपण कुठे कमी पडू, हे त्यांनी मांडलं. ते मनावर घेतलं गेलं नाही. १९६२च्या पराभवानंतर देवराष्ट्रेत जन्मलेले, कराडचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीत गेले, तोवर थोरात निवृत्तही झाले होते. म्हणजे कोरियात ज्या नजरेने त्यांनी गोळी थांबवली, त्याच नजरेला पूर्वेकडून येणारी गोळी आधी दिसली होती. समोरच्याला काय हवं आहे हे ओळखण्याची ती एकच शक्ती आहे, आणि मला ती शौर्याइतकीच मोलाची वाटते.

तिसरा प्रश्न खरा अवघड आहे. जे घडलंच नाही, त्याचं श्रेय कसं मोजायचं? साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांची स्मृती गाव अभिमानाने जपतं, आणि जपलीच पाहिजे. पण जे मेले नाहीत, त्यांची यादी कोरता येत नाही. मग निदान निर्णय तरी नोंदवता येतात: त्या क्षणी अधिकाऱ्यापुढे कोणते पर्याय होते, नियमाने सोपा कोणता होता, आणि त्याने कोणता घेतला. पेत्रोव्हच्या बाबतीत जगाने हेच तपासलं, म्हणून तो आपल्याला माहीत झाला. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ची, देशातली पहिली. तिथल्या मुलांना आणि कराड, इस्लामपूर, तासगावच्या महाविद्यालयांतल्या छात्रसेनेला कांगावबरोबर कोरियाचा तो दिवसही याच तीन प्रश्नांनी शिकवता येईल. उत्तरं एकमताची येणार नाहीत, काही मुलं तुकडी आत घातली असती म्हणतील, आणि तो वाद वर्गात झालेला चांगला.