खळ्यावरचा वारा

फेब्रुवारी सरत आला की तापीकाठच्या काळ्या रानात दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, कापून होते. कणसं खुडून खळ्यावर ढीग पडतो आणि मळणी यंत्राची वाट पाहणं सुरू होतं. चोपडा, अमळनेर, शिरपूर, शिंदखेडा, कुठल्याही शिवारात या दिवसांत गेलं तर यंत्राच्या आधी त्याचा कोंडा दिसतो. पत्र्याच्या नळीतून पांढुरका झोत वर उसळतो, हवेत कमान धरतो आणि लांब जाऊन बसतो. दादरचा कोंडा अंगाला भयंकर खाजतो, म्हणून यंत्रावरच्या माणसांचे फक्त डोळे उघडे असतात, बाकी सगळं रुमालात.

कॅनडातल्या रस्त्यांवर बर्फ फेकणारी यंत्रं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही कमान ओळखीची वाटेल. ते नातं खरंही आहे. क्युबेकमधल्या आर्थर सिकार्डने तरुणपणी शेतावर मळणी यंत्र चालताना पाहिलं. दाणा एकीकडे, भूस दुसरीकडे, आणि भूस दूरवर फेकलेलं. असंच बर्फ का फेकता येऊ नये, हा विचार त्याने अनेक वर्षं धरून ठेवला. 1925 मध्ये त्याने यंत्र उभं केलं: ट्रक चालवायला एक इंजिन, पंखा फिरवायला दुसरं. ते नव्वद फुटांवर बर्फ टाकत असे. 1927 मध्ये मॉन्ट्रियललगतच्या उत्रमाँ गावाने ते विकत घेतलं. त्याच्याही आधी, 1869 मध्ये, टोरोंटोच्या एका दंतवैद्याने रेल्वेसाठी फिरत्या पात्यांच्या बर्फकाढ्याचं पेटंट घेतलं होतं, आणि ती कल्पना पुढे नेणारा ऑरेंज जल हा पिठाच्या गिरणीचा मालक होता. धान्याशी ज्यांचा रोजचा संबंध, त्यांनाच पंख्याची ताकद आधी कळली, असं मला वाटतं. आज रोहतांग आणि झोजी ला मोकळे करणारी सीमा रस्ते संघटनेची यंत्रंही याच तत्त्वावर चालतात.

पंखा नव्हता तेव्हा खळ्याला वाऱ्याची मर्जी सांभाळावी लागे. खळं सारवायचं, मधोमध मेढ रोवायची, बैलांची पात फिरवायची. मळून झालं की तिवईवर उभं राहून पाटी डोक्याइतकी उंच धरायची आणि धार सोडायची. दाणा सरळ पायाशी, भूस वाऱ्यासोबत. हे सगळं वारा असेल तर. वारा पडला की हात खाली, आणि आभाळ भरून आलं की जिवाला घोर. हातात आलेलं पीक खळ्यावर भिजणं यासारखं दुःख शेतकऱ्याला दुसरं नाही. यंत्राने पहिल्यांदा सोडवली ती ही अडचण.

यंत्राच्या आत पाहण्यासारखं बरंच आहे. लोखंडी दातेरी ड्रम कणीस कुटतो, खालच्या जाळीतून दाणा आणि बारीक भूस पडतं, हलत्या चाळण्यांवरून ते सरकतं आणि पंखा भूस ओढून नळीतून फेकतो. सगळी मेख पंख्याच्या बाजूच्या झडपेत असते. झडप जास्त उघडली तर हलका दाणाही भुशासोबत निघून जातो, कमी उघडली तर पोत्यात कचरा येतो. जाणता चालक नळीखाली पाटी धरतो, झोतातला मूठभर भुसा तळहातावर चोळून फुंकतो आणि किती दाणे उरले ते पाहून झडप सरकवतो. हरभरा वेगाने कुटला तर फुटतो, म्हणून त्याच्यासाठी ड्रमवर मोठी पुली चढवून वेग उतरवतात. गव्हाला वेग वाढवायचा, मक्याला चाळणी बदलायची.

पूर्वी हे सगळं फिरवायचं ते डिझेल इंजिन. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं शेतीकडे वळणं कडबा कापायच्या यंत्रापासून झालं, आणि 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. इंग्लंडमधल्या डर्सलीच्या लिस्टर कंपनीचं सहा हॉर्सपॉवरचं, मिनिटाला 650 फेरे घेणारं संथ इंजिनही इकडच्या शेतकऱ्यांना माहीत. डर्सलीत त्याचं उत्पादन थांबलं, पण राजकोटच्या कारखान्यांनी त्याच घडणीची इंजिनं पुढे बनवत ठेवली. दोन जड फ्लायव्हील, हँडल मारताना वर धरायची खिट्टी आणि एकदा सुरू झालं की कोसभर ऐकू येणारा ठेका. विहिरीवर वीज आली तशी ही इंजिनं मोकळी झाली आणि खळ्यावर गेली.

इंजिन यंत्रापासून लांब ठेवायचं, तेही वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे कोंडा त्यात जात नाही. मधे लांब चपटा पट्टा. फिरण्याची दिशा उलटी हवी असेल तर पट्ट्याला पीळ द्यायचा, घसरू लागला तर राळ चोळायची. आता ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टवर, मिनिटाला 540 फेऱ्यांवर, सगळं चालतं आणि हडंबा म्हणून ओळखलं जाणारं मोठं यंत्र अख्खं झाड गिळतं.

पण खानदेशातल्या यंत्राचा खरा मान आहे तो ते बांधणाऱ्या हातांना. तालुक्याच्या वेल्डिंगच्या दुकानात अँगल, पत्रा, जुन्या गाडीचा ॲक्सल आणि टायर यांतून यंत्र उभं राहतं. कागदावर आराखडा नसतो. शेजारच्या गावातल्या चांगल्या चालणाऱ्या यंत्राची मापं घेतली जातात आणि गिऱ्हाईक सांगेल तशी नळी लांबवली जाते. मोडलं तर त्याच दुकानात, त्याच दिवशी दुरुस्त होतं. हंगामात एक दिवस बंद यंत्र म्हणजे काय, हे ज्याने भोगलं त्यालाच कळतं.

कॅनडात फेकलेला बर्फ कुणालाच नको असतो. इथे फेकलेलं सगळं कुणाच्या तरी तोंडात जातं. हरभऱ्याचं कुटार, गव्हाचा भुसा हे उन्हाळ्यातलं गुरांचं पोट. म्हणून नळीचं तोंड कुठे फिरवायचं यावरून खळ्यावर चर्चा होते, खाली ताडपत्री पसरतात, झोत कुडाकडे वळवतात. दादरचा कडबा तर यंत्रात घालतच नाहीत. कणसं खुडून ताटं अखंड ठेवतात, कारण त्या कडब्याची किंमत धान्याच्या बरोबरीने मोजली जाते. गव्हाला पंजाबकडची कंबाईन यंत्रं येतात, तासात रान मोकळं करतात, पण काड मागे रानात विखुरतात. ज्याच्या दावणीला जनावर आहे, तो अजून मळणी यंत्रालाच सांगावा धाडतो.

या यंत्राविषयी लिहिताना तुटलेल्या हातांबद्दल गप्प बसता येणार नाही. दातेरी ड्रम पेंढी धरतो तेव्हा ती सोडून देण्याइतका वेळ माणसाला मिळत नाही. पदर, उपरण्याचं टोक, बांगडी, काहीही अडकतं. पाऊस येईल या धास्तीने रात्री दिवे लावून काम चालतं आणि अपघात अनेकदा त्या थकलेल्या वेळी होतात. संसदेने 1983 मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला, तो मळणी यंत्रांनाही लागू झाला. भारतीय मानकाप्रमाणे पेंढी घालायचं तोंड किमान 900 मिलिमीटर लांब हवं आणि त्यातला ड्रमकडचा 450 मिलिमीटर भाग वरून झाकलेला हवा, म्हणजे हात सहजासहजी दात्यांपर्यंत पोचत नाही. पण जुन्या यंत्राची मापं घेऊन नवं बांधलं की जुनं आखूड, उघडं तोंडही जसंच्या तसं उतरतं. हंगामाआधी यंत्र दुकानात येतंच, दाते झिजलेले असतात, चाळणी फाटलेली असते. तोंडाचा पत्रा लांबवून वरून झाकण वेल्ड करायला त्या दिवशी फार तर तास-दीड तास जास्त लागतो, आणि मालकाने सांगितलं नाही तरी दुकानदाराने तो लावूनच यंत्र बाहेर सोडावं.