लहान शहरांतली विमानं सुरू होतात आणि बंद का पडतात? कोल्हापूरच्या उद्योगसमूहाच्या ‘स्टार एअर’वरून समजून घ्या

२७ एप्रिल २०१७. केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेतली पहिली विमानं या दिवशी उडाली. शिमला-दिल्ली विमानाची चर्चा देशभर झाली, पण त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद सेवाही सुरू झाली होती. ती चालवणाऱ्या ट्रूजेट कंपनीची उड्डाणं फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबली. पुढे ३१ मार्च २०२४ ला ‘स्टार एअर’ नांदेडमध्ये आली.

ही स्टार एअर कोणाची? तर आपल्या कोल्हापूरच्या संजय घोडावत उद्योगसमूहाची. २५ जानेवारी २०१९ ला बंगळुरू-हुबळी मार्गावर तिची सुरुवात झाली. मोठ्या कंपन्यांची गर्दी असलेल्या दिल्ली-मुंबईसारख्या मार्गांवर न जाता तिने बेळगाव, कलबुर्गी, बिदर, किशनगड अशी शहरं निवडली. ४ ऑक्टोबर २०२२ ला कोल्हापूर-मुंबई सेवाही सुरू केली.

आता प्रश्न असा, की मोठ्या कंपन्यांना जे परवडत नाही ते हिला कसं परवडतं?

सगळा खेळ सीटचा

समजा, तुमच्या गावातून रोज ४० जण विमानाने जाणार आहेत. मोठ्या कंपन्या वापरतात त्या एअरबस ए-३२० मध्ये साधारण १८० सीट असतात. म्हणजे पाऊण विमान रिकामं. पण त्याच ४० जणांना ५० सीटच्या विमानात बसवलं, तर विमान ८० टक्के भरतं.

स्टार एअरने सुरुवात केली ती अशाच ५० सीटच्या एम्ब्रेअर १४५ जेटने. ब्राझीलमध्ये तयार झालेल्या या विमानात एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन सीट असतात. मधली सीटच नाही! २०२३ मध्ये ताफ्यात एम्ब्रेअर १७५ आलं. त्यात ७६ सीट, पैकी १२ बिझनेस क्लासच्या.

पण लहान विमानाची दुसरी बाजूही आहे. वैमानिक दोनच लागतात, देखभाल चुकत नाही आणि हा खर्च कमी प्रवाशांत वाटला जातो. त्यामुळे दर सीटमागचा खर्च वाढतो. इथेच सरकारची मदत लागते.

‘उडान’मध्ये नेमकं काय मिळतं?

योजनेत निवडलेल्या मार्गावर विमानातल्या साधारण निम्म्या सीट ठरलेल्या कमाल दराने द्याव्या लागतात. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासासाठी हा दर २,५०० रुपये होता. त्यातून होणारी तूट सरकार भरून देतं. बहुतेक राज्यांच्या वाट्याला यातला २० टक्के भार येतो. शिवाय त्या मार्गावर तीन वर्षं दुसऱ्या कंपनीला सहसा येता येत नाही.

“आम्हाला तर स्वस्त तिकीट कधीच दिसत नाही,” असं अनेक जण म्हणतात. त्याचं एक कारण हेच. स्वस्त सीट निम्म्याच असतात. त्या संपल्या, की उरलेल्या बाजारभावाने विकल्या जातात.

खरी परीक्षा तीन वर्षांनंतर

अनुदान तीन वर्षांपुरतंच असतं. पुढे काय होतं? २०२३ च्या कॅगच्या अहवालानुसार ७७४ मार्ग मंजूर झाले, त्यातले ३७१ सुरू झाले. तीन वर्षं पूर्ण केली फक्त ११२ मार्गांनी. त्यानंतरही मार्च २०२३ पर्यंत टिकून राहिले ५४.

म्हणजे विमानतळ बांधला आणि फीत कापली, एवढ्याने काम होत नाही. त्या मार्गावर वर्षभर जाणारे लोक हवेत. नांदेडला स्टार एअरने बंगळुरू, दिल्लीजवळचं हिंडन आणि पंजाबातलं आदमपूर यांच्याशी जोडलं, तेव्हा पंजाबच का, असं काहींना वाटलं असेल. उत्तर हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात आहे. पंजाबातून तिथे भाविक वर्षभर येत असतात.

त्यामुळे तुमच्या शहरातून नवीन विमान सुरू होणार असल्याची पोस्ट पुढच्या वेळी दिसली, तर शेअर करण्याआधी तीन गोष्टी बघा. विमान किती सीटचं आहे? वेळ सोयीची आहे का? आणि अनुदान संपल्यावर वाढलेल्या दरातही लोक त्याने जातील का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर ते विमान टिकण्याची शक्यता जास्त.